व्ह्यूवालं टेबल

"नव्या घराचा कागद हातात आलाय का?" असं नवऱ्याने त्या बाईंना विचारलं. इंग्लिशमधे, अगदी साध्या आवाजात, बसचं तिकीट मिळालं का विचारावं तसं. समोर तळलेले मासे होते, खाली अख्खं ताल तळं पसरलेलं, शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस चालू होता, आणि मी नुसतीच "सो सॉरी" म्हणून गप्प झाले होते, कारण अशा वेळी माझ्याकडे दुसरं काही नसतं. त्याने थेट कागदाचं विचारलं. तोपर्यंत उभ्या उभ्या ग्लासात पाणी ओतणाऱ्या त्या बाईंनी जग टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. त्या जेवणातलं बाकी सगळं हळूहळू पुसट होईल, पण हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आम्ही राहतो फिलिपिन्समधे, मनिलातल्या मकातीला, नवऱ्याच्या नोकरीमुळे. मनिलातल्या कोणालाही विचारा, घरी पाहुणे आले की किंवा नुसताच उकाड्याचा कंटाळा आला की माणसं तगायतायला पळतात. साधारण साठ किलोमीटर दक्षिणेला, सहाशेक मीटर उंचीवर. खाली शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि वर पोचलं की एसी बंद करून खिडकी उघडावीशी वाटते. एक्सप्रेसवेवरचा रविवारचा ट्रॅफिक, मग सांता रोसाला बाहेर पडायचं, मग हळूहळू चढत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूला अननसाचे ढीग, बुको पायच्या पाट्या (शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्याचा पाय, डबा गरम असतानाच उघडावा, घरी नेईपर्यंत थांबू नये), आणि एका वळणानंतर डावीकडची झाडं संपतात आणि जमीनच संपते. खाली तळं, तळ्यात बेट, म्हणजेच ताल ज्वालामुखी. कितीही वेळा बघितलं तरी तिथे माझ्या तोंडून आवाज निघतोच.

रेस्टॉरंट बरोबर कड्यावर होतं. वर बांबूचं छत, दरीकडची बाजू सगळी उघडी, वारा असा की टिश्यूपेपरवर मिठाची बाटली ठेवावी लागत होती. चर्चमधून थेट आलेली कुटुंबं, मधोमध आजी, आजीच्या ताटात सगळे जण आळीपाळीने काहीतरी वाढतायत. एका टेबलावर ग्लासला फोन टेकवून ठेवलेला, फोनमधे हॉस्पिटलच्या कपड्यातली एक मुलगी, तिकडे कुठल्या देशात काय वाजले असतील कोण जाणे, पण केक कापताना सगळे आधी तिच्याकडे बघत होते. आम्हाला कठड्याजवळचं टेबल मिळालं. त्याला दोनच खुर्च्या, एक तळ्याकडे तोंड असलेली आणि एक तळ्याकडे पाठ असलेली. नवरा काही न बोलता पाठीवाल्या खुर्चीत बसला. तो नेहमीच तसा बसतो. लग्नाच्या सुरुवातीला मला वाटायचं हे माझ्यासाठी आहे, चांगली खुर्ची बायकोला, आणि मला ते फार आवडायचं.

तगायतायला लोक बुलालो खायला जातात, म्हणजे बीफच्या नळीचं, मज्जेसकट तासन्‌तास उकळलेलं सूप, त्यात कोबी आणि मक्याच्या कणसाचे तुकडे. प्रत्येक टेबलावर ते मोठं भांडं वाफाळत असतं. आम्ही दोघं बीफ खात नाही, त्यामुळे आमच्या वाट्याला त्याचा नुसता वास, आणि तो वास चांगला असतो हे मी मान्य करते. आम्ही कोळंबीचं सिनिगांग मागवलं, चिंचेचं आंबट पातळ सूप, मुळा आणि नाळीची पालेभाजी घातलेलं, वरून एक लांब हिरवी मिरची तरंगती. त्या थंड वाऱ्यात पहिला चमचा घशाखाली गेला तेव्हा कानापर्यंत गरम झालं. लसणाचा भात. एन्सालादांग तालोंग आलं, निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, कांदा, टोमॅटो, बाजूला बागूंग म्हणजे खारवलेल्या जवळ्याचं वाटण. डोळे मिटून खाल्लं तर आमच्याकडचं वांग्याचं भरीतच, फक्त ह्याला समुद्राचा वास. आणि ताविलिस. बोटाएवढे मासे, डोक्यासकट काट्यासकट कुरकुरीत तळलेले, लसूण-मिरची घातलेल्या व्हिनेगरमधे बुडवून खायचे. तारलीच्या जातीचा हा मासा जगात फक्त ह्याच तळ्यात मिळतो, गोड्या पाण्यात राहणारी जगातली एकमेव तारली. आता तो इतका कमी झालाय की २०१९मधे त्याचं नाव धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं आणि मार्च-एप्रिलमधे त्याची मासेमारी बंद ठेवतात. हे माहीत असून आम्ही एक प्लेट मागवली. नवऱ्याने दुसरी मागवू दिली नाही.

त्या बाई आमच्या टेबलाचं बघत होत्या. पन्नाशीच्या आसपास, केस घट्ट मागे बांधलेले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी इथल्या रीतीप्रमाणे अदबीचं "पो". मधेच ढग आला आणि तळं गायब झालं, सगळ्या रेस्टॉरंटमधून एकदम "आऽऽ" झालं, आणि थोड्या वेळाने ढग फाटून बेट परत दिसायला लागलं तेव्हा मी लगेच फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं आमचा एक फोटो काढा ना, मागे ज्वालामुखी येईल असा. नवऱ्याला उठून माझ्या बाजूला यावं लागलं. त्यांनी मन लावून फोटो काढले, वाकून, एक पाय मागे टाकून, "सर, थोडं डावीकडे, मॅमच्या डोक्यातून डोंगर निघतोय." फोन परत देताना मी बोलायचं म्हणून बोलले की पूर्वी वरपर्यंत जाता यायचं ना, घोड्यावरून, आम्हाला फार जायचं होतं, परत सुरू होणार आहे का.

"आमचे घोडे होते, मॅम," त्या म्हणाल्या. "आमचं घर तिथेच होतं."

आणि बोट दाखवलं ते डोंगराच्या टोकाकडे नव्हे, खाली, जिथे बेट पाण्याला टेकतं त्या राखाडी-हिरव्या पट्ट्याकडे. मला तिथे काही म्हणजे काही दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं, भात अजून आणू का.

१२ जानेवारी २०२०. तोही रविवारच होता. सकाळी बेटावर टुरिस्ट होते, त्यांच्या नवऱ्याने घोड्यांवरून लोकांना वर नेऊन आणलं होतं. दुपारी वाफ वाढली, मग जमीन हलायला लागली, मग बोटी. १९७७नंतर शांत असलेला ज्वालामुखी त्या दुपारी उठला, राखेचा खांब आकाशात किलोमीटरच्या किलोमीटर वर गेला, त्यात विजा चमकत होत्या, रात्रीपर्यंत राख मनिलापर्यंत पोचून विमानतळ बंद झाला. ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, मीही बघितले होते, तेव्हा आम्ही पुण्यात होतो आणि जेवताना टीव्हीवर लागलं होतं. त्या बाई आणि त्यांच्या मुली अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीत चढल्या. घोडे राहिले. नवरा काही दिवसांनी चोरून बोट घेऊन गेला, तसे बरेच जण गेले होते आपापली जनावरं बघायला, एक घोडा जिवंत मिळाला. बाकी सगळं राखेखाली, आणि राखेवर पाणी पडलं की ती सिमेंटसारखी बसते म्हणे. बेटावर राहायला परत कोणालाच परवानगी नाही. हे सगळं त्यांनी तुकड्यातुकड्यात सांगितलं, मधे दुसऱ्या टेबलावर बिल देऊन आल्या, तिसरीकडून रिकामी भांडी उचलली, परत आल्या की वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे. आता तळ्यापासून लांब, आतल्या बाजूला, एका ओळीत बांधलेल्या घरांमधलं एक मिळालंय. चांगलं आहे म्हणाल्या. पक्कं आहे. पाणी दिसत नाही. नवरा अजून दोन गाड्या बदलून तळ्यावर मासेमारीला येतो, दुसरं काही त्याला येत नाही.

तेव्हा माझ्या नवऱ्याने तो प्रश्न विचारला.

"चावी आहे," त्या म्हणाल्या. "कागद अजून नाही."

नवऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, जी जी पावती मिळेल ती जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा, आणि घर कोणाच्या नावावर करतायत ते लिहून घ्या, तुमचं पण नाव हवं, फक्त नवऱ्याचं नको. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, सर, तुम्ही वकील आहात का? तो म्हणाला, नाही, कम्प्युटरमधे आहे, पण माझ्या आजोबांचं गाव पाण्याखाली गेलंय. कशामुळे? धरण. कशासाठी? विजेसाठी. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, मग तुमच्या घरी वीज आली का?

"खूप उशिरा," तो म्हणाला.

कोयनेबद्दल मराठी माणसाला मी काय सांगणार. माझं माहेर पुणे, मला कोयना म्हणजे शाळेतला धडा, १९६७च्या ११ डिसेंबरच्या पहाटेचा भूकंप आणि बाबांच्या तोंडून "कोयनेचं पाणी कमी झालं, आता लोडशेडिंग वाढणार" एवढंच. नवऱ्याच्या घरात कोयना म्हणजे एक पत्र्याची पेटी. आजोबांची. त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी घालून ठेवलेले कागद, नोटिसा, पावत्या, अर्जांच्या कार्बन कॉपी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यात पाणी चढलं आणि जावळीकडची ही माणसं उचलून ठाणे-रायगडच्या बाजूला आणून वसवली गेली, जिथली माती वेगळी, पाऊस वेगळा, बोलणं वेगळं. अर्धं घर मुंबईत माथाडी कामाला, सासरे मशीद बंदरला पोती उचलायचे. जमीन मिळाली, पण ती नावावर व्हायला इतकी वर्षं गेली की अर्ज करणारे आजोबा आणि सातबाऱ्यावर नाव लागलं ते सासरे, अशी मधे एक पिढीच बदलली. ज्यांचं अजून काहीच झालेलं नाही असे लोक आजही कोयनानगरला आंदोलनाला बसतात, ते पेपरात येतं. नवरा चौथी-पाचवीत असल्यापासून आजोबांचा हात धरून कचेरीत जायचा, कारण घरात अक्षर त्याचं चांगलं होतं. अर्ज तोच लिहायचा. "मेहेरबान साहेब" पासून "आपला नम्र" पर्यंत सगळं त्याला आजही पाठ आहे. तालच्या काठावरच्या एका बाईला पहिला प्रश्न कुठला विचारायचा हे त्याला कुठून कळलं, ते मला त्या दुपारी त्याच्याकडे बघताना कळत होतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मी ती पेटी फक्त माळ्यावरची अडगळ म्हणून धुळीसाठी पुसली होती ह्याचं मला आतून काहीतरी होत होतं.

परतताना गाडीत मी विचारलं, तू पाण्याकडे पाठ करून का बसतोस रे? लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरहून तापोळ्याला गेलो होतो, मिनी काश्मीर बघायला. शिवसागर जलाशयाच्या काठावर टेबलं मांडलेली, पिठलं-भाकरी, समोर पसरलेलं निळं पाणी आणि बोटिंग क्लबच्या रंगीत बोटी. तिथेही तो पाठ करूनच बसला होता. मी मात्र पाण्याचे इतके फोटो काढले होते. तो म्हणाला, त्यात काही नाही गं, आजोबा तसे बसायचे. त्यांना एकदा बामणोलीला नेलं होतं नातेवाइकांच्या लग्नाला, तेव्हा पंगत पाण्याच्या बाजूला मांडलेली, तर ते पाट फिरवून बसले. मी त्यांच्या शेजारी होतो, मीही पाट फिरवला. एवढंच. मग म्हणाला, मला पाणी आवडतं, मी बघतो की, जेवून झाल्यावर बघतो.

मला हे सगळं मनात नीट लावता येत नाहीये. व्ह्यू बघायला जाऊ नये असं मला अजिबात वाटत नाही. त्या बाईंना तर तसं मुळीच वाटत नव्हतं, ढग आला की त्यांचाच चेहरा उतरायचा, कारण तळं दिसलं नाही की लोक जेवण आटपून निघतात, डेझर्ट मागवत नाहीत, टिप कमी होते. उद्रेकानंतर दोन महिन्यांत कोविड आला, तेव्हा किती तरी दिवस इथलं सगळं बंद होतं, ते दिवस त्यांना राखेपेक्षा वाईट गेले असं त्या म्हणाल्या. बामणोली-तापोळ्याच्या बोटीही त्याच खोऱ्यातली माणसं चालवतात, वासोट्याच्या ट्रेकला जाणाऱ्यांना तीच पलीकडे सोडतात. ज्या पाण्याने घर गेलं त्याच्यावरच घर चालतं. मी फोटो काढते, पैसे देते, तो व्यवहार सरळ आहे. पण फोटोत जे येतं ते काय, ह्याचा मी घरी येऊन शोध घेत बसले. आम्ही ज्याच्यासमोर उभं राहून हसत होतो तो सुबक, हिरवा, टोकाला चपटा डोंगर मुख्य ज्वालामुखी नाहीच. त्याचं नाव बिनिन्तियांग मालाकी, तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीनंतर फुटलेलाच नाही. २०२०मधे उठलं ते त्याच्या मागचं, बसकं, पसरट विवर, जे वरून कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि तगायतायची जी कड आहे, ज्यावर सगळी रेस्टॉरंटं ओळीने उभी आहेत, ती स्वतःच एका फार जुन्या, खचलेल्या ज्वालामुखीची कड आहे.

त्याच शोधात आणखी एक गोष्ट सापडली, ती मी नवऱ्याला मुद्दाम वाचून दाखवली. हे तळं पूर्वी समुद्राला जोडलेलं होतं, खाडीच होती म्हणा ना. १७५४मधे ताल मे महिन्यात उठला तो डिसेंबरपर्यंत थांबला नाही, त्या दगडा-राखेने समुद्राकडचा मार्ग जवळजवळ बुजला, अडकलेलं पाणी पावसाने हळूहळू गोडं होत गेलं. काठावरची ताल, लिपा, तानावान ही गावं उठली आणि लांब जाऊन त्याच नावांनी परत वसली. आज नकाशावर ताल गाव बघा, तळ्याला लागून नाहीच, जवळजवळ समुद्राकडे सरकलेलं. आपल्याकडे पुनर्वसनाच्या गावांना जुनंच नाव ठेवतात, तसंच. नवरा ते ऐकून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, म्हणजे त्या लोकांनी गाव नेलं आणि मासे राहिले.

पुढच्या रविवारी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्या नेहमीसारखं आधी जेवणाचं विचारतात, मी ताविलिसचं सांगितलं, मग त्या बाईंचंही सांगितलं. सासूबाई जन्माने त्याच खोऱ्यातल्या, पाणी चढलं तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. आजवर त्या विषयावर त्यांच्याकडून कधी दोन वाक्यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलत राहिल्या. ट्रकमधे दारं घातली होती, घराची दारं आणि तुळया, बापाने चौकटीसुद्धा काढून घेतल्या होत्या, आणि कोंबड्या त्या दारांच्या मधे कोंबल्या होत्या. नदीतल्या वामी आठवल्या. पोरं ओढ्याला दगड लावून पाणी अडवायची आणि उपसून बारीक मासे धरायची, आई ते हळद-मीठ लावून पानात गुंडाळून निखाऱ्यात सरकवायची, आणि तसा वास नंतर कधी आला नाही असं म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, फोटो पाठव गं त्या तळ्याचा. मी पाठवला. त्यांनी चष्मा वर करून, दोन बोटांनी मोठा करून बघितला. ह्यात त्या बाईचं घर कुठं होतं? नवरा म्हणाला, आई, ते आमच्या मागे झाकलं गेलंय.

मे महिन्यात आम्ही सुट्टीवर येतोय. पाणी उतरलं की त्यांच्या जुन्या गावाची देवळाची जोती उघडी पडतात, ते बघायचंय त्यांना, गुडघे अजून ऐकतायत तोवर. हॉटेलात जेवायचं नाही, भाकऱ्या मी घरून घेते, तुम्ही फक्त बोटवाल्याशी बोलून ठेवा, एवढं त्यांनी सांगितलंय. बोटवाला त्यांच्या मावसभावाचा मुलगा निघाला. नवऱ्याचं त्याच्याशी बोलणं झालंय. तो म्हणाला दुसऱ्या आठवड्याच्या आधी येऊ नका, तोवर चिखल फार असतो, आणि धरणातून पाणी किती सोडतात त्यावर सगळं आहे, निघायच्या आधी एक फोन करा.